माझं बोट घट्ट धरा

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, रुग्णालयातले माझे सहकारी आणि चहाच्या आशेने का होईना, इथवर बसून राहिलेले माझे जुने रुग्णहो,

आधीच्या वक्त्यांनी माझी इतकी स्तुती केली, की सत्कारमूर्ती अजून यायचेच आहेत असं मला वाटू लागलं! असो.

आज निवृत्त होईपर्यंत एकतीस वर्षं मी हातांची मोडलेली हाडं जुळवली. बारीक तारा, पट्ट्या, तांदळाएवढे स्क्रू. पण हाड जरा पिळलेलं बसलं, की मूठ वळताना एक बोट दुसऱ्यावर चढतं. म्हणून शस्त्रक्रियेनंतर हाड जुळून आलं, की मी प्रत्येकाला सांगायचो, "माझं बोट घट्ट धरा." तेवढ्यावरून मला सगळं कळायचं.

इथे एक कबुली द्यायची आहे. अध्यक्षमहाराज, घड्याळ पाहू नका, दोनच मिनिटं.

तिसऱ्या रांगेत एक बाइंडर बसले आहेत. पुस्तकं दाबायच्या यंत्रात त्यांचा उजवा हात सापडला, तळहाताची दोन हाडं मोडली. शस्त्रक्रिया छान झाली. तीन महिन्यांत ते पुन्हा पुठ्ठे कापू लागले. तरी मी त्यांना दर महिन्याला बोलावत राहिलो, चांगलं दीड वर्ष. आमच्या सिस्टर म्हणायच्या, "सर, यांचं हाड तुमच्या-माझ्यापेक्षा भक्कम आहे. कशाला हेलपाटे घालायला लावता?"

"पकड बघायची आहे," मी म्हणायचो.

साफ खोटं. त्याच वर्षी माझी पत्नी गेली होती. मुलगी लांब, फोनवर. दिवसभरात माझा हात कुणी धरायचं, ते फक्त तपासणीच्या खोलीत.

एकदा बोट धरूनच बाइंडर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हाड केव्हाच जुळलंय, हे मलाही कळतं."

"मग येता कशाला?"

"तुम्ही बोलावता म्हणून."

मी इतका ओशाळलो, की त्यांच्या कागदावर लगेच लिहिलं, 'पुन्हा येण्याची गरज नाही.' ते गेले. त्याला नऊ वर्षं झाली. त्या दिवसाइतकी एकटी संध्याकाळ मला दुसरी आठवत नाही.

आपण सर्वांनी मला सांभाळलंत, मी मनापासून ऋणी आहे. कुणावर ओरडलो असेन, कुणाला ताटकळत ठेवलं असेल, ते पोटात घाला.

आणि बाइंडरसाहेब, कागदावरचं ते वाक्य मी आज मागे घेतो. या. मी आता रोजच घरी असतो.