रविवारचे थांबे

—पट्टा लावला, आरसा बघितला, सीट पुढे घेतली. निघू? मान हलवलीत असं समजते, साहेब. मागच्या दोन्ही परीक्षांना परीक्षक म्हणून तुम्हीच होतात शेजारी. मी ओतिलिया, रादाउत्स गावची — आठवत नसेल, रोज इतक्या जणी येतात. आमचे शिकवणारे सर म्हणाले, ते साहेब बोलत नाहीत, तूही बोलू नकोस. पण मी गप्प बसले की क्लच कधी सोडायचा तेच विसरते. घरी नाही हो मी इतकी बोलत, सासूबाईंना विचारा, त्या तर म्हणतात सून आणली की कपाट आणलं. इथं बसलं की मात्र काय होतं कोण जाणे. उजवीकडे ना? तुमचं बोट उजवीकडेच होतं. बरं.

तिसरी खेप आहे ही, आणि ऑगस्टला सहा आठवडे राहिलेत. ऑगस्टमध्ये आम्ही पोर्तुगालला जातोय, मी आणि तिबेरियु — तिबी, नवरा माझा. गाडीनं. इथून क्लुज, मग सरहद्द ओलांडून हंगेरी, ग्राझ, तिथून खाली इटली, मग फ्रान्सची कड धरायची, स्पेन आडवा कापायचा, की पुढे समुद्रच. वीस दिवसांचं सगळं वहीत मांडलंय. दिवसाला चारशे किलोमीटरच्या वर नाही, कारण नवीन माणसाला तेवढंच झेपतं. नवीन माणूस म्हणजे मी. जेनोआच्या पुढे म्हणे बोगदेच बोगदे, आणि बोगद्यात माझा जीव घाबरतो, म्हणून तिथं जुना किनाऱ्याचा रस्ता घेतलाय, एक दिवस जास्त लागेल, लागू दे — घोडागाडी आहे पुढे, बघितलीय मी. अंतर ठेवलंय. घाई नाही आपल्याला. तुम्हाला आहे का? नसेल.

मुक्काम कुठे, असं कुणीही विचारेल. तुम्ही विचारत नाही, तरी सांगते. तिबी ट्रक चालवतो, नऊ वर्षं झाली, तिकडेच, पश्चिमेला. रविवारी तिकडे ट्रकना रस्त्यावर बंदी असते, जिथं असेल तिथं उभं राहायचं संध्याकाळपर्यंत. म्हणून माझ्या वाट्याला रविवार येतो. फोनवर. मग तो सांगतो — इथं एक बाक आहे, त्याचा पाय मोडलाय. इथलं कॉफीचं यंत्र नाणं गिळतं आणि वर गरम पाणी देतं. इथल्या पंपावरच्या बाईची मांजर माझ्या केबिनमध्ये येऊन झोपते. मला दुसरं काय विचारावं सुचत नाही, म्हणून मी लिहून घेत गेले. वहीतले सगळे मुक्काम तेच आहेत, साहेब. लोक तिकडे जाऊन व्हेनिस बघतात, मी उडिनेजवळचा मोडका बाक बघणार. आणि त्याला समुद्र दाखवणार. नऊ वर्षं पोर्तुगालला माल नेतोय, पण गोदाम किनाऱ्यापासून बारा किलोमीटरवर, आणि ट्रकला पुढे सोडत नाहीत. एकदा म्हणाला, वास येतो फक्त.

थांबते, म्हातारीला जाऊ दे. जा आजी. सावकाश.

मी का चालवायची? बरोबर आहे, ड्रायव्हर तर तो. त्याचं असं झालं — ऑक्टोबरमध्ये आमचं लग्न झालं, जेवणात सारमाले, कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा, वाढत होते, तेव्हा त्याच्या मावशीनं विचारलं, पोरीला फिरायला कुठे नेणार रे? तो म्हणाला, "वर्षभर स्टीअरिंग धरतो मावशी, सुट्टीत ते नजरेसमोरसुद्धा नको. ही चालवणार असेल तर जाऊ. पार पोर्तुगालपर्यंत जाऊ." सगळं टेबल हसलं. मीसुद्धा हसले. चौथ्या दिवशी तो कामावर गेला, पाचव्या दिवशी मी ड्रायव्हिंगच्या शाळेत नाव घातलं. सासूबाई म्हणतात, बाकीच्या बायका नवरा सुखरूप यावा म्हणून चर्चमध्ये मेणबत्ती लावतात, तू नकाशे काय चाळतेस. मेणबत्तीही लावते मी. दोन्ही करते.

त्याला माहीत आहे ना? — आहे. म्हणजे, सांगणारच आहे. पास झाले की सांगायचं असं ठरवलंय. तोवर इतकंच विचारलं होतं, की ऑगस्टमध्ये सुट्टी आहे ना तुला? तर त्याचं उत्तर आलं, बदली माणूस मिळत नाहीये, बघू. बघू एवढंच. ते आलं मागच्या परीक्षेच्या दिवशी सकाळी. आणि मग याच चौकात — हाच तो — सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि आपली गाडी हलेना. तुम्ही कागदावर लिहिलंत, इंजिन बंद पडलं. बंद पडलं नव्हतं, साहेब. मी बंद केलं होतं.

आज हिरवा आहे. जाते. गेले बघा.

हे बोलायचं नव्हतं खरं तर. पण नापास झालं की बरं असतं हो. वही उशीखाली तशीच राहते, दोष तुमच्यावर जातो, आणि मावशीला तो जे म्हणाला ते खरं की गंमत, हे विचारावं लागत नाही. — इथं लावू? दोन गाड्यांच्या मधे? उलटी घेऊन. थांबा, आता बोलत नाही.

लागली. हँडब्रेक ओढला. सरळच आहे की.

लिहा तुम्ही. मी बाहेर बघते. नाही, वाचून दाखवू नका, नुसता कागद द्या — ही खूण बरोबरचीच ना? खालची सही तुमचीच ना? बरं. बरं, साहेब.

आज मंगळवार. चालवताना तो फोन उचलत नाही, चांगली सवय आहे त्याची. ट्रक थांबणार रविवारी, तेव्हाच विचारायचं. तोपर्यंत आम्ही जातोय पोर्तुगालला. दोघंही.

उतरा ना आता साहेब, ती पुढची मुलगी कधीची उभी आहे. — हो. नाही. मीच उतरायचं.