यांनी बांधलेली हलकी गाडी

नाही हो, दार शोधू नका, दारच नाही तिला — वरून पाय टाकून आत उतरायचं, आधी सीटवर पाय ठेवायचा आणि मग खाली सरकायचं. ठेवा, बिनधास्त ठेवा, आमचे हेही तसाच पाय ठेवायचे. बसलात? आता कसं वाटतंय — बूड रस्त्याला टेकल्यासारखं, होय ना? मला पहिल्यांदा बसवलं तेव्हा मी म्हटलं, अहो, ही गाडी आहे की पाट? तर हे म्हणाले, यशोधरा, गाडी जितकी हलकी तितकी ती माणसाचं ऐकते. पाचशे किलोच्या आसपास भरते सगळी मिळून. बाहेर ट्रेलर जोडून तुमची एसयूव्ही उभी आहे ना, तिच्या चौथाईएवढी म्हणा. जाहिरातीत ‘रेप्लिका’ असं लिहिलं ते मैत्रेयीनं — आमची मुलगी, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, बर्नाबीला असते, फोनवर तुमच्याशी तीच बोलली. बरोबरच आहे तिचं, जुन्या इंग्लिश रेसिंग गाडीवरून बांधलीय. पण नक्कल म्हटलं की हे चिडायचे. म्हणायचे, आकार तिचा, घाम माझा. स्टील प्लांटमध्ये मेटलर्जिस्ट होते हे — दिवसभर तिथं पोलाद तपासायचं आणि संध्याकाळी जेवले की इथं गराजमध्ये. सांगाड्याचा एकूण एक पाइप यांनी वेल्ड केलाय. हा वरचा पत्रा ॲल्युमिनियमचा, तोही यांनीच ठोकून ठोकून वळवला — त्या आवाजानं माझी किती वर्षं डोकेदुखी गेली नाही, ते राहू द्या. इंजिन अपघातात गेलेल्या एका जपानी गाडीतलं. नागपूरला यांच्याकडे सायकल होती तीही थोरल्या भावाची, आणि या माणसानं सातासमुद्रापार इथं हॅमिल्टनला येऊन अख्खी गाडी बांधली, पुष्कर, आता काय सांगू तुम्हाला.

एका वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमाला घेऊन गेले होते. आत हॉलमध्ये भाषण चालू, आणि पोरं सगळी बाहेर पार्किंगमध्ये हिच्याभोवती. कमिटीवाले रागावून बाहेर आले — आणि मग तेच एकेक करून चक्कर मारायला शेजारी बसले. शेजारी, बरं का. स्टिअरिंगवर कोणाला बसू दिलं नाही यांनी, कधीच. मुलीलाही नाही.

का विकतोय? मैत्रेयी म्हणाली, विचारलं तर सांग, डाऊनसाइझ करतोय, पसारा कमी करतोय. तर — डाऊनसाइझ करतोय आम्ही.

काय म्हणालात? हो, ते बोल्ट नवे आहेत. चाकांचे पण, आणि ब्रेकचा तो पाइपही नवा. नाही, अपघात नाही झाला. म्हणजे — झाला म्हणण्यासारखा नाही. परवाच मेकॅनिक येऊन गेला, सगळं उघडून, तपासून, नवं लावून गेला, त्याची चिंता करू नका. त्याच्याआधी ते मी आवळलेले होते, म्हणून बदलून घेतले. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते हो, रक्त तपासायचे, पाना कसा धरतात तेही मला माहीत नव्हतं. पण हे रोज सकाळी इथं यायचे आणि काहीतरी सोडवून ठेवायचे. कधी चाक, कधी सीट, कधी समोरचे दिवे. यांना वाटतं, गाडी अजून बांधायची आहे. पूर्ण झालीय, आपण हिच्यात बसून नायगाऱ्यापर्यंत जाऊन आलोय — ते सगळं यांच्या डोक्यातून गेलं. मग हे दुपारचे झोपले की मी फोनवर व्हिडिओ लावायचे आणि जमेल तसं परत बसवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वाईट नव्हतं, खरं सांगू का, वाईट नव्हतं ते. दोघांनाही काम होतं.

पण उन्हाळ्यात एक दिवस मी खाली बेसमेंटमध्ये कपडे वाळवत होते आणि वर इंजिनाचा आवाज. धावत आले तोवर गाडी ड्राइव्ह-वेवरून उताराला लागलेली. ब्रेकचा पाइप यांनी सकाळीच काढून बाकावर ठेवला होता. समोरच्यांची छोटी मुलगी पायानं ढकलायच्या स्कूटरवरून रस्ता ओलांडत होती. दोन हातांवरून वाचली ती पोर — दोन हातांवरून — आणि गाडी पलीकडच्या कुंपणाच्या झाडांत जाऊन थांबली. मी पोहोचले तर हे शांत बसलेले. मला म्हणाले, ब्रेक अजून बसवायचे राहिलेत.

तेव्हापासून किल्ली लपवली, पानेही लपवले. तर दिवसभर शोधतात. काय शोधतोय ते विसरतात, पण शोधणं थांबत नाही. मैत्रेयी म्हणते, मॉम, जस्ट सेल इट, डोळ्यांसमोर नसली की विसरतील. डॉक्टरही तेच म्हणाले, विसरतील. त्याचंच तर मला — नाही, असू द्या, तुम्ही तो आरसा बघत होतात, तो हातानं फिरतो. काय आहे, घरात ना हे मला सिस्टर म्हणतात. सिस्टर, पाणी. सिस्टर, माझी मिसेस कामावरून आली का? सगळ्या घरात मी सिस्टर. आणि इथं गराजमध्ये आले, गाडीखाली वाकले, की मागं न बघता हात पुढे करतात आणि म्हणतात, यशोधरा, टॉर्च. रोज म्हणतात. कालही म्हणाले. म्हणून त्या आधीच्या दोघांना मी, म्हणजे — तुमच्याआधी दोघं आले होते, त्यांना मी सांगितलं की गाडी गेली. मैत्रेयीला यातलं काही बोलू नका. पण ती पोर अजून त्याच रस्त्यावर खेळते हो. मी रोज तिला खिडकीतून बघते. नाही ठेवता येणार मला ही गाडी.

थांबा, उठू नका — हे आलेत. अहो, या, हे पुष्कर, मूळचे पुण्याचे, गाडी बघायला आलेत. उठू नका पुष्कर, तुम्ही स्टिअरिंगवर बसलात तरी काही बोलत नाहीयेत. अहो, कुठं चाललात — सावकाश, पाय आधी सीटवर. हं, बसले. शेजारी बसले बघा.

पुष्कर, एक करा, यांना खाली लेकच्या काठापर्यंत नेऊन आणा. दिवस छान आहे, रस्ता कोरडा आहे. परत आलात की मी यांना चहाला आत नेईन, तेवढ्यात गाडी ट्रेलरवर चढवा आणि निघा. बेल वाजवू नका, निरोप घ्यायला आत येऊ नका. कागद मैत्रेयी पाठवेल.

पट्टा? थांबा, मी लावते यांना — बघा, लावला त्यांनीच. चार बाजूंनी येतो तो पट्टा, मला अजून जमत नाही. सकाळी शर्टाची बटणं मी लावून दिली.

नाही, मी कशी येणार, दोनच सीट आहेत. ही घ्या किल्ली. उतारावर हळू घ्या. आणि माझ्याकडे नका बघू आता, रस्त्याकडे बघा. जा.