बाकांवरच्या खाचा

हसू नका, चूक माझीच आहे म्हणून सांगते. कॅम्पातल्या आमच्या इंग्रजांच्या काळातल्या चर्चची नाताळाआधीची साफसफाई माझ्याकडे होती. बाकांच्या पाठीवर ओळीनं खाचा दिसल्या. मला वाटलं, कार्ट्यांनी कोरल्यात. सुताराला म्हटलं, "लाकूड भरून सगळ्या बुजव आणि वरून पॉलिश मार."

घंटा वाजवणारे डॅनियलकाका धावत आले. "अहो ताई, त्या खाचा..."

"काका, तुम्ही घंटा सांभाळा. सुतारकामातलं तुम्हाला काय कळतं?"

ते आल्या पावली परत गेले. बाक आरशासारखे चकाकले आणि मी चार दिवस मिरवून घेतलं.

नाताळाची उपासना संपल्यावर पाळकसाहेब बाकावर हात फिरवत उभे राहिले. म्हणाले, "सत्तावनच्या बंडानंतर गोरे शिपाई बंदुका घेऊनच उपासनेला बसायचे. त्या टेकवायला खाचा केल्या होत्या. लोक लांबून बघायला यायचे, बाई."

मी लगेच म्हटलं, "पुन्हा कोरून घेते ना!"

"घ्या. पण त्या तुमच्या खाचा होतील, त्यांच्या नाही."

मी तडक काकांकडे गेले. "तुम्हाला ठाऊक होतं, तर माझ्यावर ओरडला का नाहीत?"

काका घंटेचा दोर गुंडाळत होते. वर न बघताच म्हणाले, "चर्चमध्ये ओरडायची मला सवय नाही, ताई."