सात नंबरचा बिल्ला

वर्षाली : अहो चिमाजीकाका, माशांच्या मोजणीची वही न्यायला दर सोमवारी ऑफिसची गाडी धरणावर येतेच की. तेवढ्यासाठी चिंचवडपर्यंत कशाला आलात?

चिमाजी : वहीसाठी न्हाई आलो, ताई. चाकणात कंपन्यांची शिफ्ट सुटल्याली, यष्टीत सगळा रस्ता उभ्यानं आलो. घोटभर पानी द्या.

वर्षाली : घ्या. आणि हा पेढाही. रिपोर्ट संध्याकाळी जातोय. बिल्ले लावून सोडलेल्या चाळीस महाशीरांपैकी छत्तीस मासे पायऱ्या चढून वर धरणात गेले! आता अशाच माशांच्या पायऱ्या आणखी दोन धरणांवर बांधणार आहेत.

चिमाजी : पेढा ऱ्हाऊ द्या. आदी हे बगा.

(तंबाखूची डबी टेबलावर पालथी करतो.)

वर्षाली : हे तर आपलेच बिल्ले.

चिमाजी : एकोणतीस हायती.

वर्षाली : कुठं मिळाले?

चिमाजी : वीजघराच्या खाली, पानी भाईर पडतंय तितं. वर जात्यात, अंडी घालत्यात, आन परतताना पंख्यात घावत्यात. कुनाचं निम्मं धडबी ऱ्हात न्हाई.

वर्षाली : टर्बाइनमध्ये... कधीपासून?

चिमाजी : नागपंचमीपास्नं.

वर्षाली : आणि आज सांगताय?

चिमाजी : तुमच्या वहीत वर गेल्यालं लिवाया जागा हाय. खाली आल्याल्याला न्हाई.

वर्षाली : रकाने मीच आखले होते.

चिमाजी : म्याबी गपच बसलो की. पायऱ्या बंद पडल्या तर मोजनारा कशाला ठेवत्याल? ह्या वयात कुठली कंपनी घेनार मला? पर आज सात नंबर घावला.

वर्षाली : सात नंबर? सगळ्यात आधी चढलेला? तेव्हा तुम्ही फोनवर आनंदानं ओरडत होतात नुसते.

चिमाजी : व्हय. त्योच.

वर्षाली : मला रडू यायला हवं ना, काका? काहीच होत नाहीये.

चिमाजी : माजंबी तसंच झालंय. बिल्ला धुतो, डबीत टाकतो, च्या पितो.

वर्षाली : हे रिपोर्टात लिहिलं तर सगळ्यात आधी तुमचंच काम जाईल.

चिमाजी : ठाव हाय. लिवा.

वर्षाली : घरी विचारलंत?

चिमाजी : लिवा म्हनतो ना. ऱ्हायलेल्या चारांतला एक आज सकाळी चढाया लागला. त्याला परतवाया काठी आपटली, पान्यात दगडं टाकली. मागं फिरलाच न्हाई.