नरहरीकाकांचा मराठी कागद

अहो, सांगितलं ना, ती साइट बंद झाली. हो, हीच — तुमच्या हातातला कागद जिच्यावरून काढलाय ती — कायमची बंद. नरहरीकाकांनी पाठवलं ना तुम्हाला? वाटलंच. बसा, पंख्याखाली बसा. आमच्या सायबर कॅफेत लोक कसं शोधतात सांगू? रिझल्ट, नोकरी — इंग्रजीत. गाणी हिंदी, पण अक्षरं इंग्रजी. मटिल्डाबाई घरात अस्सल गावची बोली बोलतात, इथे बसल्या की इंग्रजी — का? तर म्हणे कॉम्प्युटरला आपलं कळत नाही. मराठीत कोण शोधतं? कोण्णी नाही. एक नरहरीकाका सोडून.

गिरीज गावाला त्यांची केळीची वाडी. गेल्या पावसाळ्यात, म्हणजे दोन हजार सहाला, शेंड्याची पानं आखूड, ताठ, एकात एक दाटलेली. त्यांच्या बोलीतला शब्द टाकला — शून्य. हिंदीत टाकलं — केळं खाण्याचे फायदे! मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत टाकलं, तर फोटोच समोर, हुबेहूब. औषध नाही, झाड गड्ड्यासकट उपटून पुरा, नाहीतर मावा कीड सगळ्या वाडीत रोग पसरवते. मी अर्थ सांगितला तर काका उठलेच. “पोरी, हातानं वाढवलेली झाडं कुठल्या परक्या कागदावरून उपटू? आपल्या भाषेत दाखव, मग बघतो.”

दोन दिवस मराठीत शोधलं हो — आणि सापडलं, म्हणजे — झालं तयार — सापडलं म्हणते मी! असे काय बघता? रफार कुठल्या बटणानं येतो तेही ठाऊक नव्हतं, रोगाचं नाव, ‘पर्णगुच्छ’, लिहायला अर्धा तास गेला — हां, मीच लिहिलं! कुठली साइट अन् कुठलं काय. पण खोटं अक्षर नाही त्यात. इंग्रजीतलं चार ठिकाणी ताडून बघितलं, शेतकी खात्यातल्या साहेबांना फोन केला, तेव्हा तर तो शब्द कळला. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, म्हणाले, “बघ, आपला माणूस कसा समजावून सांगतो!” दुसऱ्या दिवशी बावीस झाडं स्वतः उपटली, कुणाला हात लावू दिला नाही. डोळे सुजले होते त्यांचे. पण बाकीची वाडी वाचली. दसऱ्याला मला अख्खा घड — आणि मी तोंड उघडलं नाही. लाज वाटते हो. पण खरं सांगू? लाजेपेक्षा आनंदच जास्त वाटतो. बारावीला मराठीत काठावर पास झालेली मी!

काकांना सांगणार नाही ना? शप्पथ? बरं. तुमचं काय, नारळ? शेंडा कुजतोय? वास येतो का? किती झाडं — नऊ? अरे देवा. पान आणलंय? ठेवा इथे. शनिवारी या, साहेबांनाही विचारून ठेवते.

आता उठा. नाही, एक शब्द नको — मला लिहायचंय.