एक सायकल आणि दोघींची हवा

...नाही, तुम्हीच सांगा, मला काय वाटलं असेल? मला वाटलं होतं, मी एवढी लांब जाऊन शिकून येतेय, साधनं माणसाच्या मापाची कशी बनवायची याच विषयात इतकी वर्षं डोकं घालून येतेय, तर घरी पोचल्यावर आई आणि मावशी समोर बसतील, मी कागदावर आकृत्या काढीन, आणि त्या म्हणतील, 'अगंबाई, असं असतं होय!' आणि बघते तर काय? मी फाटकात बॅगा घेऊन उभी, आणि या दोघी अंगणात, एक नखशिखांत चिखलात, दुसरीच्या हातात थर्मास, आणि तावातावाने भांडतायत! कशावरून? मला आणायला कोण जाणार होतं यावरून? छे हो! पुढचा टायर आधी घसरला की मागचा, यावरून!

मला बघून मावशी काय म्हणाली असेल? म्हणाली, 'आलं का विद्यापीठ! बरं झालं. ये, सांग हिला, पुढचाच घसरला ना?' अहो, मी आत्ता विमानातून उतरतेय, मला काय स्वप्न पडलंय?

तुम्हाला सांगते, काय बायका आहेत हो या!

माझी आई पडदे शिवते. चांगलं चालतं दुकान आहे तिचं. उंच, दणकट, पडद्याचा अख्खा तागा खांद्यावर टाकून जिना चढणारी. मावशी धाकटी, आमच्याच घरात राहणारी, दातांची डॉक्टर, आणि चण इतकी बारीक, की स्वतःच्या दवाखान्यातल्या खुर्चीत बसली तर शोधून काढावी लागेल. दोघींनी पन्नाशी ओलांडलीय. आणि दोघी चालवतात काय, तर डोंगरावरची सायकल! जाड टायरवाली, पुढे स्प्रिंगवाली. तीही दोघींत एक! बुधवारी आईचं दुकान बंद, तेव्हा आई जाते. रविवारी दवाखाना बंद, तेव्हा मावशी. मी म्हटलं, 'अगं, दोन घ्या की!' तर आई म्हणते, 'आणि मग खाली चहा घेऊन कोण उभं राहणार?' मावशी म्हणते, 'दोघी पडलो तर कौतुकाने ऐकणार कोण?' माझ्या अभ्यासक्रमात हा धडाच नव्हता.

बरं, डोंगर म्हणाल तर एकच, घरामागचा. पण वाट? वाटेचा मूड दर वळणाला वेगळा! आधी झाडांतला ओला चिखल, त्याला यांचं नाव 'कणीक'. मग सुटे खडे पसरलेला उतार, त्याला 'मणी तुटले'. मग पाण्याने खरवडलेली घळ, ती 'उसवण', हे अर्थात आईचं बारसं. आणि शेवटी ते भलेमोठे, एकमेकांना खेटून उभे असलेले खडक... त्यांचं नाव 'दाढा'. कोणी ठेवलं, सांगायला हवं का?

तर त्या दाढांच्या वळणावर मावशी पडली होती. मी आले त्याच दिवशी. आधी हसत होती, भांडत होती, पण संध्याकाळी मनगट हे एवढं सुजलं. आई शेक देत बसली. दर दोन मिनिटांनी फडकं बदलतेय. मावशी मनगटाकडे बघत म्हणाली, 'ताई, या हातावर माझं पोट आहे गं. आधी नव्हते अशी पडत. आता वळणात सायकल हाताखालून निघूनच जाते. वय झालं माझं. पुढच्या रविवारी मनगट बरं असेल तर एकदा जाईन, आणि घसरले, तर बास. तूच ने दोन्ही दिवस.'

आई म्हणाली, 'मी एकटी? मी नाही जायची.'

संपलं! एक घसरली तर दोघींची सायकल बंद! माझ्या अंगात वीरश्री संचारली. मी उठले आणि म्हटलं, 'चूक तुझ्या वयाची नाही मावशी! चूक साधनाची आहे! साधन माणसाच्या मापाचं पाहिजे, माणसाने साधनाच्या मापाचं का व्हायचं? प्रत्येक बाईला डोंगरावर हक्क आहे!' चांगलं भाषण झालं हो. मावशी म्हणाली, 'टाळ्या वाजवल्या असत्या, पण मनगट दुखतंय.'

मग काय, लागले कामाला. पहिले दोन दिवस मी नुसती वाचतेय. पुढची स्प्रिंग मऊ हवी की कडक? खडकाला मऊ हवी, चढाला कडक हवी. सीट उंच हवी की बुटकी? चढताना उंच, उतरताना बुटकी. ब्रेक जोरकस हवेत, पण फार जोरकस नकोत, नाहीतर खड्यांवर चाक जागच्या जागी अडकतं आणि आपण पुढे जातो... सायकलशिवाय! आणि टायर? टायरचं तर विचारूच नका.

मंगळवारी दोघींना घेऊन दुकानात गेले. दुकानदार बिचारा भला, पण तोही कंटाळला. म्हणे, 'वाट कशी आहे तुमची?' मी सांगितली. तो म्हणाला, 'हे बघा, चिखलाला विरळ दातांचा टायर. खड्यांना दाट दातांचा. खडकाला जाड कुशीचा, बाजूने न फाटणारा.' मी म्हटलं, 'आणि तिन्हीला?' तो म्हणाला, 'तिन्हीला... उतरून चालायचं.'

तोवर आमच्या बायका कुठे? मावशीने भिंतीवरचा एक टायर उतरवला होता, खिशातून छोटी बॅटरी काढली होती, आणि त्याचे दात तपासत होती! खरंच! एकेका दातावर नख मारून बघतेय. 'हा बघ विद्यापीठ, याच्या फटी मोठ्या आहेत. यात काही अडकून राहणार नाही, चिखल आपोआप बाहेर. आणि हा दुसरा... शी! यात अडकणार. कीड लागणार याला.' आणि आई? आई टायरची कुशी चिमटीत धरून चुरगाळतेय, उजेडात धरतेय, वास घेतेय. 'याला अस्तर नाही,' म्हणाली. 'दोन दाढांत फाटेल. तो दाखवा. हां, याची वीण घट्ट आहे.' दुकानदार हातातलं सगळं बाजूला ठेवून बघत राहिला. मी पण बघत राहिले. शेवटी ठरलं काय, तर पुढे मोठ्या विरळ दातांचा, पकड घेणारा, आणि मागे बारीक दातांचा, सुळकन पळणारा, दोन्ही जाड कुशीचे. मी दोन रात्री जागून जे वाचलं होतं, अगदी तेच! दुकानदार म्हणाला, 'तुम्ही दोघी इथे कामाला येता का?' मावशी म्हणाली, 'तुमचा उजवा सुळा आधी दाखवून घ्या, मग बोलू.'

काय बायका आहेत हो या!

टायर घरी आले. आता म्हटलं, आधी सायकलची नीट मापं घेऊ. बुधवारी आई डोंगरावरून यायच्या वेळेला मी जिन्याखाली, जिथे सायकल ठेवतात, तिथे खोक्यांच्या मागे पट्टी शोधत मांडी घालून बसलेले. आई आली. सायकल धुतली, पुसली, साखळीला तेल दिलं. आणि मग इकडेतिकडे बघितलं, खाली वाकली, टायरचं तोंड उघडलं आणि सुस्स्स करून हवा सोडायला लागली! आणि तोंडाने पुटपुटतेय, 'माझ्या चिमणीला सांभाळ रे बाबा, माझ्या चिमणीला सांभाळ...' ते म्हणून झालं की एका चाकाचं माप पूर्ण. मग दुसरं चाक.

मी तोंडावर हात ठेवून बसले. चिमणी म्हणजे मावशी! बरोबरच आहे ना! मावशी हलकी, तिला हवा कमी लागते. आईच्या वजनाला भरलेला टायर तिला दगडासारखा लागेल. म्हणून आई आपल्या फेरीनंतर गुपचूप तिच्या मापाची हवा करून ठेवते. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, हेच ते, साधन माणसाच्या मापाचं! हे मी शिकायला तिकडे कशाला गेले?

आता ऐका. शनिवार संध्याकाळ. मावशीचं मनगट बरं झालेलं. मी जुने टायर काढायला त्याच जागी गेले, तर पावलं वाजली. का कोण जाणे, मी परत खोक्यांमागे. मावशी आली. खाली बसली. म्हणाली, 'ताईने फेरी मारलीय म्हणजे हवा तिच्या मापाची असणार.' आणि... सुस्स्स! अहो, सोडलेली हवा परत सोडली! टायर बसका झाला, आणि बाई खुशीत गाणं गुणगुणत वर गेली!

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. रविवारी फेरी झाली की मावशी काय करत असेल? अर्थात! ताई जड, म्हणून ताईसाठी हवा भरून ठेवत असेल. आणि आपल्या फेरीच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, आई? 'चिमणीने फेरी मारलीय म्हणजे हवा कमी असणार,' म्हणून भरलेल्यात आणखी भरणार! म्हणून आई तक्रार करते, 'टायर चेंडूसारखे उडतात, कंबर मोडली.' आणि मावशी म्हणते, 'वळणात सायकल लोळते.' लोळेल नाहीतर काय! दोघी एकमेकींची इतकी काळजी घेतात, की दोघी पडतात!

तुम्ही म्हणाल, अंगठ्याने दाबून बघता येत नाही? मी जेवताना हळूच विचारलं. मावशी म्हणाली, 'हवा अंगठ्याने नाही कळत, सवयीने कळते.' आई म्हणाली, 'अगदी!' आणि एकमेकींना सांगता येत नाही? तर आमच्या घरात केलेलं बोलून दाखवायचं नाही! बोललं की पुण्य फिटतं म्हणे. केव्हापासून कोण जाणे, हे मुकं पुण्य चाललंय, आणि डोंगरावर त्याचा हिशेब चुकता होतोय!

मग मी काय केलं? मला शिकवलंय, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तरच खरं कारण कळतं. नवे टायर तसेच पलंगाखाली ठेवले. सकाळी मावशी उठायच्या आत खाली गेले, माझ्याकडचं हवा मोजायचं यंत्र लावलं, आणि तिच्या वजनाला बरोब्बर बसेल इतकी हवा भरली. बास. बाकी कशाला हात नाही.

मावशी गेली. आई खाली थर्मास घेऊन उभी, मी तिच्या शेजारी. आई एकसारखी थर्मासचं झाकण उघडतेय, लावतेय. वरून खड्यांचा आवाज आला... 'मणी' झाले. मग शांत. 'उसवण' असणार. मग बराच वेळ काहीच नाही. आईने माझा हात धरला. शिलाईच्या बोटांची पकड म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. आणि मग दाढांवरून, एकीवरून दुसरीवर, टप टप टप, दात काढून हसत मावशी आली! वळणात वाकली, टायरने जमीन धरली, सोडली नाही! फाटकाशी येऊन ब्रेक दाबला, आणि चिखलाचा सगळा फवारा माझ्या अंगावर! 'ताई!' ओरडली, 'मी म्हातारी नाही झाले गं!' आई चहा ओतत होती, निम्मा कपात, निम्मा मातीत.

आणि मग मावशी माझ्याकडे वळली. 'काय टायर निवडलेस विद्यापीठ! जमिनीला नुसते चिकटतात!'

आता सांगा! टायर पलंगाखाली! सायकलवर जुनेच, नुसते चिखलाने माखलेले! बोलणार होते हो मी, तोंड उघडलंही होतं. सत्य सांगायचं, हे माझं तत्त्व आहे. पण काय सांगू? 'आई, त्या दिवशी मावशी पडली ती तुझ्या मायेने'? ज्या बाईने रात्रभर शेक दिला, तिला? मिटलं तोंड. म्हटलं, उद्या बघू.

उद्या उजाडलं. मी अजून तोंडही धुतलं नव्हतं, तर आई माझ्या खोलीत. दार लोटून घेतलं. 'हे बघ, टायर चांगले आहेत तुझे, पण नुसत्या टायरने होत नसतं. हवेचं बघावं लागतं. मी बघते गुपचूप, चिमणीसाठी. तिला बोलायचं नाही. शप्पथ?' घेतली शप्पथ. ती गेली, आणि चहाचा कप घेऊन मावशी आत. 'ए विद्यापीठ, काल संध्याकाळीच ताईसाठी हवा भरून ठेवलीय मी. दिवसभर मशीन मारून दमते बिचारी. तिला कळता कामा नये हं. शप्पथ?'

घेतली. तीही घेतली. काय करता? माझ्यासमोर जगातल्या दोन सगळ्यात शूर बायका, वळणात अंग झोकून देणाऱ्या, आणि लपवतायत काय, तर टायरभर माया!

तेव्हा त्याच सकाळी ठरवलं. आधी पलंगाखालचे टायर बसवून टाकले, म्हणजे निदान कौतुक तरी खरं होईल. आणि हवेचं म्हणाल, तर दर मंगळवारी आई भरून गेली की मी सोडणार, आणि दर शनिवारी मावशी सोडून गेली की मी भरणार. गुपचूप. कोणाला न सांगता. तुम्ही पण सांगू नका.

तसं जग बदलायला आले आहे मी, आणि बदलणारच आहे, त्यात काही शंका नको... फक्त सभा ठेवाल तेव्हा मंगळवार आणि शनिवारची संध्याकाळ सोडून ठेवा.