राखीव स्विचची बदली

कळमनुरीच्या कॉलेजात गुणपत्रिकेच्या खिडकीपुढं पल्लवी सकाळपासून ताटकळत होती. नांदेडला प्रवेशाचा आज शेवटचा दिवस, आणि खिडकीवर पाटी लटकलेली: 'सर्व्हर बंद'. आत हेडक्लार्क अमृतराव आणि हिंगोलीहून आलेला इंजिनिअर आसिफ यांची जुंपली होती.

"साहेब, मी नेटवर्कचे दोन स्विच बसवले होते. पहिला आज बंद पडला, मग दुसरा कुठंय?"

"बाळापूरच्या शाखेत पाठवला."

"काहून?"

"सहा महिने पाहिलं. पहिला राबून राहिला, आन् हा नुसता बसून. असं ऑफिसात चालत न्हाई, आसिफभाई."

"अवो, त्याचं कामच ते! तिन्ही सर्व्हर मिळून एकच डेटाबेस चालवतात. पहिला स्विच बंद पडला की त्याच क्षणी दुसऱ्यानं त्यांची जोडणी सांभाळायची. तशी सेटिंग करून दिली होती मी."

"मग तसं लेखी द्यायचं ना. आमी रीतसर बदलीची ऑर्डर काढली."

"बरं, बाळापूरला माणूस पाठवा. परत आणा त्याला."

"आताच फोन केला. तिथं एक स्विच होताच. हा रिकामा दिसला, म्हणून त्यांनी नरसीला पाठवला."

"नरसीची शाखा सुरू झाली?"

"दिवाळीनंतर होईल. कॉम्प्युटर यायचेत अजून."

"मग तिथं हा काय करून राहिला?"

पल्लवीनं खिडकीला कान लावला.

"बसून राहिला."